टरफलांच्या कोळशाने निळा ओढा जिंकिला त्याची हकीकत

वंदन प्रथम पाण्यास, जे मान-अपमान न पाहता उताराकडे जाते. वंदन विस्तवास, जो जाळितो परंतु थोडे राखूनही ठेवितो. आणि वंदन वाचणारास, ज्यास आज दुसरे काम नाही ऐसे दिसते. शके सतराशे आणि वर काही, नीलोदक नाम संवत्सर, श्रावण वद्य पंचमी. वर काही म्हणजे किती, ते वाळवीने भक्षिले, तीस विचारावे. ते समयी कोण्या एका राज्यी जे वर्तमान घडले ते यथामति लिहिले आहे. राज्य लहान, परंतु तांब्याकरिता चहूकडे नाव. वरल्या आळीस तांबटांची नव्वद घरे, आणि दिवस उजाडल्यापासून ठोक्यांचा गजर ऐसा की राज्यातील बहिऱ्या माणसासही सणाची सुट्टी कळे, कारण त्या दिवशी पायाखालची जमीन हादरत नसे. घागर, हंडा, परात, बंब, तपेले, काय म्हणाल ते तेथे घडे, आणि भांडे घडून जाहले म्हणजे तेजाबात बुडवावे, मग चिंचेने घासावे, मग पाण्याने धुवावे, आणि ते धुवण पाटाने ओढ्यास सोडून द्यावे, ऐसी तेथील चाल. त्या धुवणात तांबे विरघळून जाई, कण इतके बारीक की डोळ्यांस दिसत नसत, फक्त त्यांचा रंग दिसे. ओढा आधी हिरवट जाहला, मग मोरपंखी, मग ऐसा निळा की परदेशीचे वाटसरू काठी उभे राहून तोंड उघडे टाकीत. महाराजांची खासा स्वारी एकदा तेथून जाता पाहती जाहली आणि बहुत संतोष पावून बोलिली, "आमच्या राज्यी ओढाही दागिने घालतो," आणि ओढ्यास 'नीलरत्नवाहिनी' हा किताब बहाल केला, आणि दरबारच्या कवीने तीवर सव्वाशे आर्या केल्या. आर्या ऐकावयास मासे मात्र उरले नव्हते. ते आधीच उताणे होऊन वाहून गेले होते.

खालच्या आळीस मैनाबाई भडभुंजी राहात होती. भट्टी तिची, कढई तिची, तापल्या वाळूत चणे, लाह्या, शेंगा भाजणे हे काम तिचे, आणि भाजले ते नीट भाजले की नाही हे मूठमूठ खाऊन पाहणे हे काम तिचा नवरा धोंडजी याचे. बाई बोलण्यास तिखट, हातास चपळ, आणि मनात आले ते ओठांवर आल्यावाचून राहात नसे. तीस लेक एकच, साळू नावाची, ती गेल्या साली डोंगरापलीकडल्या गावी दिली होती. साळूस सातवा महिना लागला आणि पहिले बाळंतपण माहेरी, म्हणोन मैनाबाईने भिंती सारविल्या, बाज विणून घेतली, डिंक आणिला, तो धोंडजीने निम्मा खाल्ला, मग फिरून आणिला, आणि जुनी मऊ लुगडी फाडून लेकराची दुपटी शिवली आणि ओढ्यावर धुतली, ती निळसर होऊन निघाली. मैनाबाईने ती दोरीवर वाळत घातली आणि त्यांजकडे पाठ करून बसली. इतक्यात विहीणबाई बकुळाबाई यांजकडून जासूद निरोप घेऊन आला तो येणेप्रमाणे: "सुनेस पाठवीत नाही. तुमच्या ओढ्याचे पाणी निळे आहे हे आमच्याकडे गुरे राखणारासही ठाऊक आहे. त्या पाण्याने बाळंतीण न्हाणार आणि लेकरू न्हाणार, हे माझ्या मनास येत नाही. दसऱ्यापर्यंत पाणी पाण्यासारखे जाहले तर मी स्वतः तीस गाडीत घालून आणीन. न जाहल्यास बाळंतपण इकडेच होईल, राग नसावा."

राग नसावा म्हटल्यावर तो आलाच. तीन दिवस मैनाबाई कोणाशी सरळ बोलली नाही, कढईशी बोलली. "मोठी आली पाण्याची पारखी. माझ्या लेकीला माझ्या दारात यायला हिची परवानगी. माझी मेली आजी याच पाण्यावर नव्वद वर्षं जगली," ऐसे म्हणावे आणि झारा आपटावा, आणि धोंडजीने मान डोलवावी आणि फुटाणे खावे. चौथे दिवशी बाई घागर भरावयास गेली, ओंजळ भरून तोंडास लाविली, आणि जिभेस ऐसी चव आली की परातीचा काठ चाटला. तेव्हा तीस आठवले की आजीच्या वेळेस वरल्या आळीस तांबटांची घरे सातच होती. मग बाई काठावर मटकन बसली आणि म्हणाली, "खरं बोलते गं ती बया," आणि पदर डोळ्यांस लावून रडली. विहीण बोलते ते खरे आहे, हे एकटीने बसून कबूल करणे याहून अवघड काम बखरकारास ठाऊक नाही.

मग मैनाबाई उठली आणि हात न धुता थेट दरबारी गेली. महाराज सिंहासनी बसले होते. बाईने मुजरा केला आणि अर्ज केला, "सरकार, ओढा निळा आहे." महाराज कौतुकाने बोलिले, "आहेच." बाई बोलिली, "तो नसावा." तेव्हा कवीस उचकी लागली ती सर्वांनी ऐकिली. तांबटांचे पुढारी विसाजी पुढे होऊन म्हणाले, "निळाई ही आमच्या हातची करामत आहे, बाई. कामच चाललं नाही तर पाणी निळं होणार कुठून?" मैनाबाई बोलिली, "विसाजीकाका, काम चालू द्या की. माझ्याही घरात सगळी भांडी तुमचीच आहेत. पण तुम्ही वरच्या झऱ्याचं पिता. एक घागर खालची भरून न्या आणि तुमच्या नातवाला त्यात न्हाऊ घाला, मग बोलू." विसाजी दोन पावले मागे सरले, कारण नातू आठ महिन्यांचा होता आणि त्यांस फार प्रिय होता. महाराज तसे मनाचे मऊ. त्यांनी विचारिले की लेक कितवी, महिने किती भरले, आणि सर्व ऐकून आज्ञा केली की, "राज्यातील लेक पाण्यापायी माहेरास मुकते ही आम्हांस शोभा नाही. ओढ्यावर मोहीम करावी."

मोहिमेवर राजवैद्य भैरवशास्त्री यांची नेमणूक जाहली. शास्त्रीबुवा विद्वान आणि उत्साही, इतके उत्साही की उत्तरीय कोठे पडले याची शुद्ध राहात नसे. त्यांनी आधी शत्रू ओळखण्याची युक्ती काढिली. कल्हईवाले वापरितात तो नवसागर, त्यात चुन्याची निवळी कालवावी, नाकास झणका येतो ते पाणी संशयित पाण्यात घालावे, आणि तांबे लपून बसले असल्यास पाणी गर्द निळे होते, डोळ्यांस निवळ दिसत असले तरी. मग पहिली चढाई वस्त्रगाळाची जाहली, चौदा पदरी धोतर ताणून ओढ्याचे पाणी गाळिले, तो शत्रू चौदाही पदरांतून हसत पार जाहला, धोतर मात्र कामी आले. दुसरी चढाई चुन्याची. चुना टाकिताच तांबे घाबरून तळी बसले, पाणी बरेच निवळले, जयजयकार जाहला, आणि मग पाहतात तो काठावर निळ्या चिखलाचा डोंगर, तो कोठे टाकावा हे कोणास सुचेना, आणि एक जोराची सर आली तशी तो सर्व ओढ्यात परत गेला. भाद्रपद लागला. शास्त्रीबुवांनी हात टेकले. मैनाबाई दिवस मोजीत होती आणि जेवत नव्हती, आणि धोंडजीने तिच्या वाटचे जेवून तिला धीर दिला.

आता फत्ते कशी जाहली ते ऐकावे. भट्टीमागे एक खड्डा होता, ओढ्याचे पाणी पाझरून त्यात येई, आणि मैनाबाई भट्टीत अर्धवट जळालेली शेंगांची टरफले त्यात फेकीत असे. बाईची शेळी ओढ्याच्या पाण्यास तोंड लावीत नसे, ती खड्ड्यातलेच पिई. एके दिवशी बाई कपाळास हात लावून बसली असता तिचे लक्ष शेळीच्या तोंडाकडे गेले, मग पाण्याकडे गेले, आणि पाणी तर निवळ स्वच्छ. तिने ओंजळ भरून चाखिले. परातीची चव नाही. मग तिने काळी टरफले मडक्यात भरिली, वरून ओढ्याचे पाणी ओतिले, तळाच्या भोकातून गळाले ते घेऊन शास्त्रीबुवांकडे धावत गेली. नवसागराचे पाणी घातले, शास्त्रीबुवा पाहात राहिले, मैनाबाई पाहात राहिली, शेजारचे दोघे उगाच पाहात राहिले, आणि रंग काही उठेना. शास्त्रीबुवांनी उत्तरीय फेकून दिले आणि अंगणात गिरकी घेतली. मग म्हणाले, "मैनाबाई, हा कोळसा आतून पोकळ, याच्या एका चिमटीत राजवाड्याहून अधिक दालने आहेत, आणि तांबे आत शिरले की भिंतीस चिकटून बसते. यास अधिशोषण म्हणावे. शोषण म्हणजे पोटात घेणे, अधिशोषण म्हणजे अंगावर घेणे." मैनाबाई बोलिली, "समजलं. आमच्या घरात पहिलं हे करतात, दुसरं मी."

महाराजांनी बाईस दुशाला दिली आणि टरफल लष्कराचे सरलष्करपद दिले आणि राज्यात दवंडी पिटविली की गेल्या साली साठविलेल्या शेंगा काढाव्या, फोडाव्या, आणि टरफले खालच्या आळीस पोचती करावी. मग काय विचारावे. सारे राज्य शेंगा खाऊ लागले. कचेरीत कारकून खात, देवळात पुराण ऐकता ऐकता खात, पहारेकरी भाल्यास टेकून खात, आणि धोंडजीने तर राज्याच्या सेवेस देह वाहिला, दिवसातून दोनदा वैद्य त्याचे पोट दाबून पाहात. टरफलांचा ढीग भट्टीहून उंच जाहला. बाईने ती मडक्यांत गच्च भरावी, तोंडे मातीने लिंपून मडकी भट्टीत ठेवावी जेणेकरून आत वारा न शिरता कोळसा व्हावा, राख न व्हावी, मग फोडावी, कांडावी, चाळावी. पहिले दिवशी फार बारीक कांडिली तो रांजण तुंबला आणि पाणी वरून वाहून शास्त्रीबुवांच्या जोड्यात गेले. दुसरे दिवशी फार जाड ठेविली तो पाणी मधल्या मधून सटकले आणि निळेच उतरले. तिसरे दिवशी मोहरीएवढे दाणे केले, ते बरोबर बसले. तांबटआळीचा पाट ओढ्यास मिळे त्या मुखाशी पाच रांजण पायरीपायरीने मांडिले, एकाचे गळाले ते दुसऱ्यात पडावे ऐसे, आणि धुवण त्यांतून सोडिले. पहिल्यातून मोरपंखी निघाले, दुसऱ्यातून हिरवट, तिसऱ्यातून पुसट, चौथ्यातून जेमतेम, आणि पाचव्यातून पाणी. नुसते पाणी. डोंगराकडून आलेल्या ताज्या पाण्याने ओढा आठ दिवसांत धुवून निघाला, आणि तळचे गोटे दिसू लागले, जे कित्येकांनी जन्मात पाहिले नव्हते. मैनाबाईने निरोप धाडिला, "विहीणबाई, पाणी पाण्यासारखं झालं. या." उत्तर आले, "दसऱ्यास येते. येऊन बघते."

आता चूक जाहली ती सांगणे प्राप्त आहे. त्या राज्याची चाल ऐसी की खंडेनवमीस लढाईत राबलेले प्रत्येक हत्यार महाराजांनी आपल्या हाते चिंचेच्या कोळाने धुवावे आणि मग पुजावे. राज्य तांबटांचे, तेथे चिंच लागल्यावाचून काही स्वच्छ जाहले ऐसे कोणास वाटतच नसे. तलवारीस चिंच, तोफेस चिंच, एकदा म्हाताऱ्या हत्तीच्या सुळ्यांसही लाविली होती, त्याने बहुत मनास लावून घेतले. महाराज बोलिले, "यंदाच्या मोहिमेत तलवार म्यानात राहिली. लढला तो कोळसा. स्नानाचा मान त्याचा." दरबाराने वाहवा केली, शास्त्रीबुवांनी वाहवा केली, आणि मैनाबाईचा तर ऊर भरून आला, तिने दोन मण चिंच स्वतः भिजविली आणि स्वतः कोळली. नवमीस सकाळी वाजंत्री लाविली, रांजणांस झेंडूच्या माळा घातल्या, स्नान एकेकाचे वेगळे म्हणोन त्यांच्या धारा थेट ओढ्याकडे वळविल्या, महाराज सोवळे नेसून पायरीवर उभे राहिले आणि चिंचेचा कोळ हंड्या-हंड्याने ओतू लागले. पहिला रांजण न्हाला, दुसरा न्हाला, तिसरा न्हाला. आंबट लागताच कोळशाची पकड सुटली. महिनाभर दालनांत चिकटून बसलेले तांबे घटकाभरात बाहेर पडले आणि ओढ्यात उतरले, आणि ओढा ऐसा निळा जाहला की मागील निळाई तीपुढे धुवट वाटावी. वाजंत्री वाजवीत होते ते पाण्याकडे पाहता पाहता एकेक करून थांबले. महाराजांच्या हाती चौथा हंडा तसाच राहिला. ते हळूच बोलिले, "शास्त्रीबुवा, हे आम्ही केले काय?"

आणि त्याच क्षणी उतारावर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. बकुळाबाईंची गाडी. सांगितल्या दिवशी येईल तर ती विहीण कसली, एक दिवस आधी आली. बैल पाण्याशी आले, वास घेतला, आणि मागे सरले. गाडीत साळू बसली होती, अंग भरलेले, तोंड उन्हाने लाल, तिने आईस पाहिले आणि उतरावयास पाय खाली सोडिला, मग पाणी पाहिले आणि पाय वर घेतला. मायलेकी आठ महिन्यांनी भेटत होत्या आणि मध्ये वीस हात निळे पाणी होते. मैनाबाईच्या तोंडचे पाणी पळाले. बकुळाबाई काही रागावल्या नाहीत, रागावत्या तर बरे होते. त्या गाडीवानास म्हणाल्या, "फिरव गाडी." मैनाबाई गुडघाभर पाण्यात उतरली आणि बैलांपुढे उभी राहिली. मग बोलिली, "विहीणबाई, काल हे पाणी निवळ होतं. आज सकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून घाण केलं. चिंच मी कोळली, दुसऱ्या कुणाचा दोष नाही. गाडी सोडू नका, पण फिरवूही नका. उन्हं उतरेपर्यंत थांबा." बकुळाबाई बोलिल्या, "आणि नाही निवळलं तर?" मैनाबाईने लेकीकडे पाहिले आणि म्हणाली, "तर घेऊन जा. पोर तुमचीच आहे. मी वेशीपर्यंत पोचवायला येईन आणि एक शब्द बोलणार नाही." बकुळाबाईंनी ते तोंड नीट निरखून पाहिले आणि गाडीवानास म्हणाल्या, "छत्री उघड. बसू या."

मग मैनाबाईने पदर खोचला. आधी खालच्या बाजूस वाळूच्या गोणी टाकून ओढा अडविला जेणेकरून निळे पाणी पाणोठ्यास न जावे, आणि ते उतारावर तुंबून राहिले. डोंगराकडचे ताजे पाणी चर खणून बाजूने काढून दिले. आता तुंबले त्याचे काय करावे, तर शास्त्रीबुवा म्हणाले, कोळसा गेला, नवा करावयास पंधरा दिवस लागतील, आणि खाली बसले. तेव्हा मैनाबाई रांजणातील काळे दाणे हातावर घेऊन पाहू लागली. ती भडभुंजी. भट्टीतील वाळू ती जन्मात फेकीत नाही. दाणे भाजले, चाळले, दाणे गिऱ्हाइकास आणि वाळू परत कढईत, तीच वाळू वर्षानुवर्षे. ती म्हणाली, "शास्त्रीबुवा, हा मेला नाही. हा रिकामा झाला. दालनं तीच आहेत ना? भाडेकरू गेले, घर उभं आहे." मग न्हालेल्या तिन्ही रांजणांतून डोंगराचे गोडे पाणी तीनदा फिरविले, आंबटपणा सर्व गेला, आणि निळ्या पाण्याची एक घागर वरून ओतिली. खालून निवळ गळाले. नवसागर घालून पाहिला, रंग नाही. शास्त्रीबुवा उठले ते उड्या मारीतच उठले, आणि यावेळी पागोटेही गेले.

मग जी धांदल उडाली ती वर्णन करावयास बखरकाराजवळ दम पाहिजे. तुंबलेले पाणी रांजणांपर्यंत चढवावयाचे, भांडी कोठून आणावी, तो विसाजी तांबट म्हणाले, "भांडी? भांडी मागताय, तेही आमच्याकडे?" आणि तांबटआळीची नव्वद घरे रिकामी जाहली. घागरी आल्या, हंडे आले, बंब आले, पराती आल्या, एकाने घाईत लोणच्याचा सट आणिला, एकाने देवपूजेचे ताम्हन आणिले आणि त्यात ओंजळभर पाणी घेऊन मोठ्या डौलाने चालत आला. ओढ्यापासून रांजणांपर्यंत रांग लागली, त्यात तांबट, भडभुंजे, कारकून, पहारेकरी, वाजंत्री, आणि मधोमध महाराज, सोवळे गुडघ्यावर खोचलेले, डावीकडून घागर घेत आणि उजवीकडे धोंडजीस देत. धोंडजी म्हणाला, "महाराज, जरा तिरकी धरा, माझ्या पायावर सांडतंय," आणि महाराज बोलिले, "चुकलो." घागरी चालल्या, हशा पिकला, कोणी ओवी धरिली, आणि जो तो घाईस आला. इतक्यात गाडीवरून आवाज आला, "ओतताय काय भसाभस? त्या कोळशाला धरायला वेळ द्याल की नाही?" बकुळाबाई. त्या छत्री टाकून खाली उतरल्या होत्या. सकाळपासून बसल्या बसल्या त्यांनी सर्व पाहिले होते आणि पहिल्या रांजणाखालून घाईमुळे पुसट निळे उतरते आहे हे त्यांच्याच नजरेस पडले. सरळ येऊन त्या रांजणाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एकेक. मी सांगीन तेव्हा." महाराजांसही त्यांनी दोनदा थांबविले. मैनाबाई दुसऱ्या रांजणाशी होती. दोघी विहिणी एकमेकींशी बोलल्या नाहीत, पण एकीने हात वर केला की दुसरी घागर रिकामी करी, आणि थोड्या वेळाने हात वर करावाही लागेना.

पाचांपैकी दोन रांजण न न्हालेले राहिले होते, ते तांब्याने गच्च भरलेले. मैनाबाई म्हणाली, "यांनाही चिंच लावू. पण ओढ्यात नाही." मग ते दगडी डोणीत न्हाऊ घातले, निळा कोळ डोणीत साठला, आणि विसाजी तो पाहावयास वाकले असता त्यांच्या कमरेचा लोखंडी सांडस आत पडला. बाहेर काढितात तो लाल. लोखंडावर तांब्याचा पापुद्रा बसला होता, नखाने खरवडला तो निघाला. विसाजींनी तो तळहातावर घेतला, बोटाने चोळला, आणि दातांत धरून पाहिला. म्हणाले, "हे आमचं आहे. हे आम्ही इतकी वर्षं ओढ्यात टाकत होतो." मग तांबटआळीतून मोडके खिळे, नाल, कोयते जे मिळेल ते लोखंड डोणीत पडले, आणि ते सर्व लाल होऊन निघाले. महाराज बोलिले, "शत्रू म्हणत होतो ते आपलेच लोक. त्यांस सन्मानाने मुलखात परत घ्यावे." कवी आर्या करावयास पुढे सरसावला, त्याच्या हाती बकुळाबाईंनी घागर दिली.

उन्हे उतरली तेव्हा ओढ्याचा तळ दिसू लागला होता. अडविलेले शेवटले डबके रांजणांतून उतरले, बांध फोडिला, आणि डोंगराचे पाणी खळाळत आले. शास्त्रीबुवांनी नवसागराची बाटली पुढे केली. बकुळाबाईंनी ती घेतली, तळहातावर ओढ्याचे पाणी घेऊन त्यात दोन थेंब टाकिले, बराच वेळ पाहिले, मग बाटली परत दिली, ओंजळ भरून घेतली आणि पिऊन टाकिली. पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "सून राहील." मैनाबाईचा बांध फुटला, ती तोंडात पदर कोंबून रडू लागली. बकुळाबाई बोलिल्या, "अहो, पुरतं ऐका. मीही राहीन. बाळंतपण होईपर्यंत. तुमच्या या दरबारात उद्या आणखी कुणाचा मान करायची हुक्की आली तर बघायला कुणी शुद्धीवर हवं." महाराजांनी मान खाली घातली. साळू गाडीतून उतरली, पाण्यात पाय टाकिला, आणि गार लागले म्हणोन हसली. मैनाबाईने तीस मिठी मारिली, मग दूर धरून पाहिली, मग म्हणाली, "किती वाळलीस," जे सपशेल खोटे होते.

पुढे कार्तिकात साळू बाळंत जाहली, मुलगी जाहली. पहिल्या न्हाणाचे घंगाळ पाचव्या रांजणाखालून भरून आणिले. मैनाबाई पाटावर पाय पसरून बसली, लेकरू पालथे पायांवर घेतले, आणि तांब्या उचलला तो तसाच वर धरून बसली, पाणी काही पडेना. जिने पाच रांजण उभे केले तीस तांब्या जड जाहला. तेव्हा बकुळाबाई समोर उकिडव्या बसल्या, तांब्याच्या दुसऱ्या बाजूस आपला हात लाविला, आणि म्हणाल्या, "चला. दोघींनी." धार पडली. लेकरू मोठ्याने रडले, मग गप्प जाहले, मग अंग सैल सोडून पडून राहिले. घंगाळाचा तळ दिसत होता.

येणेप्रमाणे मोहीम समाप्त जाहली. शेंगा सरल्या, कोळसा फिरून फिरून वापरिला, तांबे डोणीतून घरी येत गेले, आणि ओढ्यास कोणताही रंग उरला नाही, म्हणोन त्याचे अधिक वर्णन करावयास लेखकाजवळ काही नाही. दोघी विहिणी अद्याप भांडतात. हे लिहिणारा त्याच पाण्यावर वाढलेला आहे, कमी-जास्त असेल ते पदरात घ्यावे. इति.